एकतीसला सूतभर कमी

मंगळवारी सकाळी दातांच्या डॉक्टरांकडच्या टाकीत मासेबाईने नेहमीसारखा कोपरापर्यंत हात घातला, नेहमीसारखे डोळे मिटले आणि नेहमीसारखंच जरा मोठ्याने म्हटलं, "सव्वीस." एरवी यावर काउंटरवरची बाई मान डोलवायची आणि भिंतीवरच्या कागदावर आकडा टिपून ठेवायची. आज तिने पेन उचललं नाही. टाकीच्या कोपऱ्यात काचेला काडेपेटीएवढी एक डबी चिकटवलेली होती, तिची काळी वायर पाण्यात सोडलेली होती, आणि तिकडे तिने नुसतं बोट केलं. डबीवर अंशांचा आकडा होता ३०.६. एवढंच झालं. भिंतीवरचं घड्याळ चालू राहिलं, आतल्या खोलीत कुणाच्या तरी दाढेवर यंत्र घरघरत राहिलं. बाकावर बसलेल्या चार पेशंटांपैकी ज्याचा गाल सुजला होता त्याने मात्र मासिक खाली केलं आणि आधी डबीकडे, मग मासेबाईच्या ठिबकणाऱ्या हाताकडे पाहिलं. मासेबाईने हात पुन्हा पाण्यात घातला. सव्वीस. पाणी अगदी स्पष्ट सांगत होतं, उलट किंचित गारच वाटत होतं. बाहेर थंडीचे दिवस होते आणि हीटरचा खटका अजून एक घर वर न्यावा असं तिच्या मनात आलं होतं, ते मनातच राहिलं.

मासेबाई हे नाव तिला एका गिऱ्हाइकाच्या नातवंडांनी दिलं. सुरुवातीला ती चिडायची. अरे, मी मासे विकत नाही, मासे जगवते, असं कंबरेवर हात ठेवून सांगायची. पण पोरं ऐकतात थोडीच! मग एक दिवस तिने स्वतःच आपल्या कापडी पिशवीवर लाल दोऱ्याने ते नाव भरून टाकलं आणि विषय मिटवला. तिच्या ताब्यात एकतीस टाक्या होत्या. बँकेतली लांबोडकी टाकी, वकिलांकडची गोल टाकी, शाळेतली ती हिरवट पडणारी टाकी. या सगळ्यांची नाडी तिच्या उजव्या हातात होती, असं ती म्हणे, आणि म्हणताना तिची मान आपोआप ताठ होई. गरम मुलखातला मासा आपलं अंग स्वतः ऊबदार ठेवू शकत नाही; पाणी जेवढं ऊबदार तेवढाच तो. दोन अंश घसरले की त्याचं खाणं सुटतं, तीन घसरले की अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठतात आणि चार दिवसांत टाकी रिकामी होते. हे तिने पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. एका गिऱ्हाइकाचा हीटर बंद पडला आणि नऊ मासे गेले. तेव्हापासून गारठ्याची धास्ती तिच्या मनात जी बसली ती बसलीच. काचेवर चिकटवायच्या त्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या तिने दोन वर्षं वापरल्या. त्या उन्हाने फिक्या पडल्या आणि वाटेल ते आकडे दाखवू लागल्या, तशा तिने सगळ्या खरवडून काढल्या. हातच्या काकणाला आरसा कशाला? अर्ध्या अंशापलीकडे तो हात कधी चुकला नव्हता, आणि आता ही डबी, कानामागून आली आणि तिखट झाली.

"यंत्र खराब आहे," ती म्हणाली. काउंटरवरची बाई म्हणाली की नवीन आहे, कालच आणलंय. आवाज खालचा होता, त्यात उद्धटपणा नव्हता, आणि त्यामुळेच तो जास्त लागला. एवढ्यात आतलं यंत्र थांबलं आणि डॉक्टर तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढत बाहेर आले. त्यांनी डबी पाहिली, आकडा पाहिला, मासेबाईकडे पाहिलं, आणि सगळं एका नजरेत समजल्यासारखं करून मऊ हसले. भला माणूस, त्यातून रोज घाबरलेल्या लोकांशी बोलायची सवय. "अहो, वय सगळ्यांचंच होतं," ते म्हणाले. "माझीही बोटं हल्ली सकाळी बधिर असतात. असू द्या. आता डबी आहे ना, तुम्ही नुसता आकडा बघत जा." त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलंसुद्धा. कुणी शिव्या दिल्या असत्या तर तिने दोन परत दिल्या असत्या. थोपटण्याला काय परत द्यायचं? वरच्या मजल्यावर फडकं राहिलं, घेऊन येते, असं काहीतरी पुटपुटून ती बाहेर पडली. फडकं तिच्या खांद्यावरच होतं, आणि ते सुजलेल्या गालाच्या माणसालाही दिसत होतं.

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे जिथे जिना वळतो तिथे एक उभी खिडकी होती. तिच्याखालच्या पायरीवर ती बसली आणि उजवा हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. बोटांची टोकं पाण्याने सुरकुतलेली, अंगठ्यापाशी काचेचा जुना व्रण. हा काय बधिर हात आहे? या हाताने लेकीचा ताप सांगितला होता. लेक चार वर्षांची असताना एकदा फणफणली, तेव्हा हिने कपाळाला हात लावून म्हटलं, एकशे दोन आणि वर थोडा, आणि नणंद हसली होती. मग नणंदेनेच थर्मामीटर शोधून लावला, आणि पारा एकशे दोनच्या वर दोन रेघा जाऊन थांबला. नणंदेने तो झटकून पुन्हा लावला, पुन्हा तेवढाच. पोरीच्या काळजीने जीव खालीवर होत असतानाही आपल्याला आतून गुदगुल्या झाल्या होत्या, हे मासेबाईला आजही आठवतं आणि आजही त्याची लाज वाटत नाही. अभिमान हा असा असतो, तो वेळकाळ बघत नाही. आणि तो तिचा एकटीचा नव्हता, वडिलांकडून आलेला होता. वडील कापड रंगवायच्या कारखान्यात होते. उकळत्या हौदांसाठी तिथे यंत्रं होती. पण कोमट हौद, ज्यात शेवटचा नाजूक रंग बसायचा, तो वडिलांच्या हाताशिवाय कुणी सुरू करत नसे. कोपरापर्यंत निळा हात, तो सुट्टीच्या दिवशीही निळाच. त्यांनी म्हणायचं, चाळीसला सूतभर कमी, आणि साहेबाने मुकाट्याने वाफेची चावी फिरवायची. अंशाच्या पाचव्या हिश्शाला ते सूत म्हणत. सुतारांचं सूत वेगळं आणि आमचं वेगळं, असं हसून सांगत. लहानपणी डबा घेऊन गेली की ती दारातून बघायची. सगळा कारखाना खोळंबलेला, आणि वडील हौदाशेजारी उजवा हात अंगापासून लांब धरून उभे, ओला रंग कशाला लागू नये म्हणून धरतात तसा. ओठ हलताहेत. दोनशेपर्यंत मोजत असत. तिला तेव्हा वाटायचं, हे नाटक आहे, साहेबाला ताटकळत ठेवायची ही एकच संधी ते सोडत नाहीत. एकदा तिने विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "अगं, आधी हात कोरा करायला लागतो. नाहीतर तो मागचंच सांगत बसतो."

मागचंच. जिन्याच्या खिडकीतून गार वारा येत होता आणि मांडीवरचा हात हळूहळू थंड पडत चालला होता. म्हणजे इतका वेळ तो गरम होता. कशाने गरम होता? मासेबाई आपल्या हाताकडे अशी बघू लागली, जसं एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाच्या खिशातून काहीतरी भलतंच निघावं. वरून आलो आपण. वरच्या काकूंकडून. सहा आठवड्यांपूर्वी चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी तिला बोलावलं. त्यांच्या यजमानांनी निवृत्तीनंतर डिस्कस पाळायला घेतले होते, ताटलीसारखे गोल, मानी मासे, तीस अंशांच्या खाली आले की रुसून कोपऱ्यात तोंड करून बसणारे. एकाच इमारतीत दोन टाक्या आल्या म्हणून मासेबाई खूश झाली होती. मंगळवारी आधी काकू, मग एक जिना उतरला की डॉक्टर. त्याआधी डॉक्टरांकडे ती बँकेतून यायची, वीस मिनिटं पायी, थंडी असो की ऊन. आणि काकू इतक्या मायाळू की तीस अंशांच्या पाण्यात अर्धा तास हात घालून झाला की म्हणायच्या, अगंबाई, हात गारठले असतील, थांब. मग बेसिनचा गरम नळ सोडायच्या आणि साबण पुढे करायच्या. एका टाकीचा रोग दुसरीत जाऊ नये म्हणून हात तर धुवायचेच असतात. गार पाण्याने काय आणि गरम पाण्याने काय! घे, अजून थोडं घे, असं म्हणत काकू उभ्या राहायच्या, आणि मासेबाईसुद्धा, या वयात कोण एवढं विचारतं, म्हणून कढत पाण्याखाली हात धरून लाडावून घ्यायची. मग लाल झालेले हात फडक्यात गुंडाळून जिना उतरायची आणि तसाच हात डॉक्टरांच्या पाण्यात घालायची. त्या हाताला कुठलंही पाणी गारच लागणार.

तिने मनाशी मंगळवार मोजले. सहा. प्रत्येक मंगळवारी तिला पाणी जरा कमी वाटलं होतं आणि प्रत्येक मंगळवारी तिने हीटरचा खटका थोडा वर सरकवला होता. काउंटरवरच्या बाईने मात्र दर वेळी विश्वासाने सव्वीसच टिपलं. सव्वीसपासून जवळजवळ एकतीसपर्यंत मासे शिजत आणले होते तिने, आणि मासे तिला सांगत होते. भराभर कल्ले हलत होते, निऑन नावाच्या इवल्या माशांच्या अंगावरची निळी रेघ विटली होती, तळाशी फिरणारे मिशीवाले मासे सारखे वर येऊन तोंड उघडत होते. पाणी तापलं की त्यात हवा कमी मावते, हे तिने एकतीस घरच्या लोकांना समजावून सांगितलेलं होतं. आणि तिने त्याचा अर्थ काय लावला? पाणी नासलंय. का नासलंय? कुणीतरी जास्त खाऊ घालतंय. कोण घालतं? शनिवार-रविवारी खाणं घालायला काउंटरवरची बाई खास येते, म्हणजे तीच. पंधरा दिवसांपूर्वी तीन निऑन मेले, तेव्हा मासेबाईने ते जाळीत घेऊन, पेशंटांनी भरलेल्या खोलीत, डॉक्टरांना म्हटलं होतं की माया करणं वेगळं आणि मासे पाळणं वेगळं. डॉक्टरांनी खाण्याचा डबा काउंटरवरून उचलून स्वतःच्या खणात ठेवला होता. त्या बाईला मूलबाळ नव्हतं; त्या माशांना ती नावांनी हाका मारायची. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती की मी चिमूटभरच घालते. आणि मग तिने आपल्या पगारातून ही डबी आणली होती. कुणावर डाव उलटवायला नव्हे, मासे का मरताहेत ते तिला कळत नव्हतं म्हणून. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, असं मासेबाई स्वतःशी म्हणाली, आणि तिला हसू मात्र आलं नाही.

खरं म्हणजे यातून सुटायला काही करावं लागणार नव्हतं. डॉक्टरांनी दार उघडून ठेवलंच होतं. हात म्हातारा झाला, बोटं बधिर झाली, बिचारी. म्हाताऱ्या हातावर कोण खटला भरतो? पुढच्या मंगळवारपासून डबीवरचा आकडा बघायचा, टाकी राहील, मान राहील, निदान लोक थोपटतील. ते तीन मासे कुणी मारले हा प्रश्न पुन्हा निघणार नाही. तो त्या बाईच्या नावावर मुकाट्याने राहील आणि डबा खणात राहील. आणि दुसरीकडे काय होतं? हात चांगला आहे हे सिद्ध करायचं झालं तर त्यालाच गुन्हा कबूल करावा लागणार होता. हात खरा ठरला तर दोष हिचा, वेंधळेपणाचा, तोऱ्याचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं! डॉक्टर म्हणतील, बाई, उद्यापासून येऊ नका. काकूंच्या कानावर जाईल, काकूंकडून बँकेत. मासेबाई पायरीवर बसून हा हिशेब उलटसुलट करत राहिली, आणि गंमत अशी की भीती एकीकडे वाढत असताना पोटात कुठेतरी नणंदेच्या वेळची ती जुनी गुदगुली पुन्हा सुरू झाली. हात गेलेला नव्हता. सहा आठवडे त्याने जे लागलं तेच सांगितलं होतं. त्याला विचारायची रीत हिने सोडली होती. बधिर म्हणे! बाकी काहीही म्हणा, चोर म्हणा, पण बधिर म्हणून घेऊन आपण या इमारतीतून खाली उतरणार नाही, हे तिला एकदम लख्ख कळलं. ती उठली, आणि उजवा हात अंगापासून लांब धरून, कठड्याला न लावता, जिना उतरू लागली. एक, दोन, तीन.

आत आली तेव्हा ती त्रेचाळीसवर होती. काउंटरवरच्या बाईने वर पाहिलं. मासेबाईने टाकीकडे न बघता डाव्या हाताने खांद्यावरचं फडकं काढून तिच्यापुढे ठेवलं आणि सांगितलं की हे त्या डबीवर टाका, आणि आकडा बघायचा तो तुम्ही एकटीने बघा. मग ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. सुजलेल्या गालाचा माणूस आत गेला होता, पण बाकावर आता पाच जण होते आणि पाचही जण बघत होते. एका बाईने शेजारणीला विचारलं, यांच्या हाताला काय झालंय. मासेबाईचे ओठ हलत राहिले. एवढे मोठे दोनशे आकडे तिने जन्मात मोजले नव्हते. शंभरच्या पुढे तिला वडिलांचा निळा हात दिसायला लागला, आणि कळलं की ते नाटकही असणार, थोडंसं. एवढी माणसं खोळंबलेली असताना थोडंसं नाटक वाटून घ्यायला काय हरकत आहे? दीडशेच्या सुमाराला डॉक्टर हात पुसत बाहेर आले आणि काही विचारणार होते, पण काउंटरवरच्या बाईने त्यांना बोटाने गप्प केलं. आपण डॉक्टरांना गप्प केलं हे तिच्या मागाहून लक्षात आलं असावं, कारण ती लाल झाली.

दोनशेला मासेबाईने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. डोळे मिटले नाहीत. पाणी ऊन लागलं, आजारी माणसाच्या अंथरुणाइतकं ऊन.

"एकतीसला सूतभर कमी," ती म्हणाली. मग तिला आठवलं की हे माप इथे कुणाला माहीत नाही. "तीस आणि वर आठ."

काउंटरवरच्या बाईने फडक्याचं टोक उचलून पाहिलं. हीटर चालूच होता, आणि मघाच्या ३०.६ च्या जागी आता ३०.८ होता. तिने फडकं पूर्ण काढूनच टाकलं. बाकावरच्या पाचांना काय चाललंय ते नीट कळलं नव्हतं, तरी त्यांच्यातून एक कौतुकाची कुजबुज गेली. डॉक्टर तर मनापासून खूश झाले. ते म्हणाले की अहो, म्हणजे हात उत्तम आहे तुमचा, मी उगाच वयाचं बोललो.

"हात उत्तम आहे," मासेबाई म्हणाली. "म्हणून तर सांगते. ते तीन मासे मी मारले. यांनी नाही." आणि मग तिने सगळं सांगितलं, काकूंचा गरम नळ, सहा मंगळवार, हीटरचा खटका. आवाज न उतरवता सांगितलं, पेशंटांसमोरच, कारण आरोपही पेशंटांसमोरच केला होता. काकूंना मात्र तिने सांभाळून घेतलं. त्यांनी माया केली, लाडावले मी, असं म्हणाली. काउंटरवरची बाई टाकीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे एकदा हलले आणि मग सैल पडले. मासेबाई तिच्याजवळ गेली आणि खालच्या आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल असं, म्हणाली की चिमूटभरच घालत होतात तुम्ही, मला दिसत होतं.

डॉक्टरांना राग आला असावा, पण तो कसा करायचा हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही हे सांगितलं नसतं तर आम्हाला कधी कळलंही नसतं."

"माझ्या हाताला कळलं असतं," मासेबाई म्हणाली, "आणि तो कोरा झाला नसता परत."

डॉक्टर आत गेले. बाकावरचे लोक हळूहळू आपापल्या दातांकडे परत वळले. मासेबाई वाकली आणि तिने हीटरचा खटका एक घर खाली आणला, एकच. एकदम उतरवलं तर उरलेलेही जातील, रोज एक अंश, म्हणजे पाच दिवस रोज यावं लागेल, असं तिने काउंटरवरच्या बाईला सांगितलं. मला कामावर ठेवलं तर, असंही पुढे म्हणाली. तेवढ्यात डॉक्टर पुन्हा बाहेर आले. त्यांच्या हातात खाण्याचा डबा होता. तो त्यांनी काउंटरवर, त्याच्या जुन्या जागी ठेवला, आणि मासेबाईकडे न बघता, उद्या दहाच्या आत या, मग गर्दी होते, एवढं बोलून गेले. काउंटरवरच्या बाईने डबा पुसला. मग तिने पेन उचललं, भिंतीवरच्या कागदाजवळ गेली, आणि मागची सहा सव्वीस तशीच ठेवून त्यांच्याखाली नीट अक्षरात लिहिलं, एकतीसला सूतभर कमी.